येवल्याची पैठणी आणि स्वीडनमधली शिवी

वाचकाचे पत्र

"मी मूळची येवल्याची. गेली दोन वर्षे आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो आणि मी एका कंपनीत अभियंता आहे. गेल्या महिन्यात दुपारच्या फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, मी नेसलेल्या साडीबद्दल कोणीतरी विचारले आणि मी कौतुकाने 'ही येवला पैठणी' असे सांगितले. टेबलावर एकदम शांतता पसरली, सगळे आपापल्या कपात पाहू लागले आणि मग एकजण खो-खो हसत सुटला. 'येव्ला' ही स्वीडिश शिवी आहे, हे मला नंतर कळले. गंमत अशी की आमचा टीमप्रमुख मात्र प्रत्येक बैठकीत इंग्रजीतले 'फक' आणि 'शिट' बिनदिक्कत वापरतो. परवा लंडनच्या ग्राहकासमोरही त्याने तेच केले आणि समोरच्या बाईंचा चेहरा पडला. त्यातच माझा आठ वर्षांचा मुलगा आजीने पाठवलेला लाडू खाताना व्हिडिओ कॉलवर तिला 'शीतगॉत' म्हणाला. आजीला ते 'शीत गोड' असे ऐकू आले आणि लाडवात भाताचे शीत कुठून आले, असे ती विचारू लागली! मुलाने 'म्हणजे खूप छान' असे सांगून वेळ मारून नेली. हे शब्द नेमके किती वाईट आहेत? मुलाला रागवावे का? टीमप्रमुखाला काही सांगावे का? आणि मी माझ्या गावाचे नाव घ्यायचे की नाही?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मी आधी मनसोक्त हसले, याबद्दल क्षमस्व. उप्साला येथे मी काही वर्षे काढली आहेत आणि तेथे असताना नाशिककडच्या एका स्नेह्याने 'येवला' शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या स्वीडिश बाईंच्या हातातला चमचा तसाच अधांतरी राहिलेला मी पाहिला आहे.

तुम्ही विचारलेले चारही प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शिवीचे वजन त्या शब्दाच्या अर्थात फारसे नसते. तो शब्द ऐकल्यावर लहानपणी कोणाच्या कपाळावर आठ्या पडल्या, कोणी चापट मारली, कोणत्या प्रसंगी तो घरात उच्चारला गेला, या आठवणींत ते असते. परभाषेतली शिवी आपण मोठेपणी, त्या आठवणींवाचून शिकतो आणि म्हणून ती आपल्याला हलकी वाटते. तुमच्या टीमप्रमुखाला इंग्रजी 'फक' जसा हलका वाटतो, तसाच उद्या तुम्हाला 'येव्ला' हलका वाटू लागेल, आणि चुकाल तर दोघेही एकाच कारणाने चुकाल.

आधी तुमच्या गावाचे पाहू. स्वीडिश 'येव्ला' हा शब्द 'येवुल' म्हणजे सैतान या शब्दापासून आला आहे. चर्चच्या लॅटिनमधून तो उत्तरेत पोहोचला. त्याचे मूळ ग्रीक 'दियाबोलोस' हे असून त्याचा अर्थ चहाडखोर, दुसऱ्यावर आळ घेणारा असा होतो. इंग्रजीतला 'डेव्हिल' हा त्याचाच भाऊबंद. सैतान या अर्थाचा दुसरा आणि अधिक चलनी शब्द म्हणजे 'फान', जो तुम्हाला दिवसातून वीस वेळा ऐकू येत असेल. तो जुन्या फ्रिशियन, म्हणजे नेदरलँड्स आणि जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील, भाषेतील 'मोहात पाडणारा' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, असे स्वीडिश व्युत्पत्तिकोश सांगतात. तिसरा 'हेल्वेते', म्हणजे नरक: 'हेल' हे उत्तरेकडील जुन्या धर्मातील मृतांच्या लोकाचे नाव आणि 'वीते' म्हणजे शिक्षा. ख्रिस्ती नरकाला जुन्या देवतांच्या काळातले नाव चिकटले आणि त्याची पुढे शिवी झाली.

स्वीडिश शिव्यांचा कणा असा सैतानाचा आणि नरकाचा आहे, आणि हे ज्या समाजात घडले तो समाज एके काळी सैतानाला खरोखर घाबरत असे. १६६८ ते १६७६ या वर्षांत स्वीडनमध्ये चेटकिणींवरील खटल्यांची लाट आली. बायका रात्री मुलांना उचलून ब्लोकुल्ला नावाच्या ठिकाणी सैतानाच्या मेजवानीला नेतात, अशा आरोपांवरून सुमारे ३०० माणसांना देहदंड झाला. ज्या घरात अशी भीती वावरत होती, तेथे सैतानाचे नाव घेणे म्हणजे त्याला दारात बोलावणेच होते. आपल्याकडे खेड्यात दिवेलागणीनंतर सापाला साप न म्हणता 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात, त्यातली समजूत हीच. स्वीडिश लोकांनी तर लांडग्याचे मूळचे 'उल्व' हे नाव टाळण्यासाठी 'वार्ग' हा शब्द रूढ केला आणि तोही धोक्याचा वाटू लागल्यावर 'राखाडी पायांचा' अशी टोपणनावे काढली.

सैतानाच्या बाबतीतही अशीच पळवाट निघाली आणि तिच्यातून जे शब्द जन्मले, ते मला स्वीडिशमधले सर्वांत गोड शब्द वाटतात. उप्सालात मी ज्या वृद्ध बाईंच्या घरी भाड्याने राहत असे, त्या रविवारी नियमाने प्रार्थनेला जाणाऱ्या होत्या. दूध उतू गेले की त्या ओट्याकडे धावत 'फी शुट्टॉन!' असे ओरडत. 'शुट्टॉन' म्हणजे सतरा. स्वीडिश आकडे शिकण्यापूर्वी मला सतरा हा आकडा असा जळलेल्या दुधाच्या वासासह पाठ झाला. सतराप्रमाणेच अठराच्या जुन्या रूपावरूनही उद्गार आहे, आणि 'तूसान' हा उद्गार 'हजार' या शब्दावरून आला आहे, कारण मूळ शिवीत हजार सैतान होते आणि सभ्य माणसाने सैतान गाळून हजार तेवढे ठेवले. 'फान'ऐवजी 'फासेन' किंवा 'फांकेन', 'येव्लार' (म्हणजे 'सैतान'चे अनेकवचन) याऐवजी 'येक्लार' आणि कधी कधी तर चक्क 'लोखंडी खिळे' अशा अर्थाचा शब्द, कारण त्याची सुरुवात त्याच ध्वनीने होते. त्याच बाई हिवाळ्यात एकदा अंगणातल्या बर्फावरून घसरल्या, तेव्हा मात्र सतरा-अठरा काही आठवले नाही. स्वच्छ, खणखणीत 'फान' निघाला आणि उठताना माझ्याकडे पाहून त्या शाळकरी मुलीसारख्या लाजल्या.

इंग्रजीची वाट काहीशी वेगळी आहे. तिचाही आरंभ धर्मातच झाला. शपथ घेणे आणि शिवी देणे या दोहोंसाठी इंग्रजीत 'स्वेअर' आणि स्वीडिशमध्ये 'स्वेरा' असे एकच क्रियापद वापरले जाते, यावरूनच देवाची खोटी किंवा उगाच घेतलेली शपथ ही शिवीची आद्य जात होती, हे दिसते. आपली 'आयशप्पथ' आठवा. तीही शपथच आहे, आणि ती उच्चारताना कोणी काही साक्षीने सिद्ध करत नसतो. इंग्लंडमध्ये १६०६ च्या कायद्याने रंगभूमीवर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्यास १० पौंड दंड ठेवला, आणि १७४५ च्या दुसऱ्या एका कायद्यात तर शिवीचा दर माणसाच्या पायरीवर ठरवला होता: मजूर, शिपाई वा खलाशाला १ शिलिंग, सद्गृहस्थाला ५ शिलिंग, आणि मधल्या लोकांना २. तोच अपशब्द श्रीमंताच्या तोंडून पाचपट महाग. हा कायदा रद्द व्हायला १९६७ साल उजाडले.

मात्र धर्माचा धाक ओसरत गेला तशी इंग्रजी शिव्यांची धार देवाकडून देहाकडे वळली. मध्ययुगात लंडन आणि ऑक्सफर्डमध्ये वेश्यावस्तीच्या गल्ल्यांच्या अधिकृत नावांत स्त्रीच्या अवयवाचा तो शब्द होता, जो आज इंग्रजीत सर्वांत जड समजला जातो, आणि तेराव्या शतकातल्या कारकुनाने तो नोंदवहीत लिहिताना मान वळवली नाही. ऑक्सफर्डच्या त्या गल्लीला आज 'मॅगपाय लेन' असे निरुपद्रवी पक्ष्याचे नाव आहे. 'फक'चेही तसेच. चेस्टरच्या १३१०–११ च्या न्यायालयीन नोंदींत रॉजर नावाच्या एका माणसाचे आडनाव या शब्दापासून बनवलेले सापडते. त्या आडनावाचा अर्थ मी या सदरात लिहीत नाही, एवढेच सांगते की त्यातून त्या गृहस्थांचे शरीरशास्त्राचे अज्ञान उघड होते. राजाच्या परवानगीने केलेला संबंध अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हा शब्द बनला, असा जो मजकूर तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल, तो निव्वळ थाप आहे. हा जर्मानिक कुळातला शब्द आहे. डच, नॉर्वेजियन आणि स्वीडिश बोलींत त्याची भावंडे आहेत, आणि त्यांत मारणे, ढकलणे हा अर्थही आढळतो. इतका जुना असूनही ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाने त्याला पहिल्या आवृत्तीत जागा दिली नाही. तो आत आला १९७२ च्या पुरवणीत.

'शिट' आणि स्वीडिश 'शीत' हे तर एकच शब्द होत. स्वीडिशमध्ये त्याचा आरंभ लिहिताना 'स्क' असा करतात आणि उच्चार 'श' व 'ख' यांच्या मधला करतात. गोथेनबर्गकडे तो जरा जास्तच घशातला होतो. जहाजावरच्या खताच्या पेट्यांवर लिहिलेल्या सूचनेपासून हा शब्द आला, ही दुसरी थाप. खरी हकीकत तुम्हाला अधिक आवडेल. कापणे, विलग करणे अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो निघाला, म्हणजे शरीरातून जे विलग होते ते, त्याच धातूचे संस्कृत रूप 'छिद्' असे आहे. भूमितीतला छेद, सुईचे छिद्र आणि तुमच्या मुलाचे 'शीतगॉत' ही अशी एका आजीची नातवंडे आहेत.

आता मुलाकडे वळू. स्वीडिशमध्ये 'शीत' हा शब्द विशेषणाला उपसर्गासारखा जोडला की त्याचा अर्थ केवळ 'अतिशय' एवढाच उरतो: अतिशय चवदार, अतिशय मजेशीर, अतिशय देखणा. थंडी फार असली की तेथे 'डुक्कर-थंडी' म्हणतात, तीतल्या डुकराचा जसा कोणी विचार करत नाही, तसा यातल्या विष्ठेचाही करत नाही. आपल्याकडे 'आयला' म्हणताना कोणाच्या आईचा उद्धार आपल्या मनात असतो? मूळ शिवी झिजून झिजून गुळगुळीत झाली की ती उद्गार बनते, आणि तरीही वर्गशिक्षिकेसमोर किंवा मामांच्या सासऱ्यांसमोर आपण 'आयला' गिळतो. 'शीतगॉत'ची पायरी साधारण तीच आहे. म्हणून मुलाला रागावू नका. त्याला 'येत्तेगॉत' हा शब्द आठवून द्या, ज्यातल्या 'येत्ते'चा अर्थ महाकाय राक्षस असा आहे आणि जो शिक्षिका, पाद्री, आजी सर्वांसमोर चालतो. राक्षसाएवढे चवदार म्हणायला आठ वर्षांच्या मुलाला काहीच हरकत नसते, असा माझा अनुभव आहे.

कान टवकारायचे ते वेगळ्या शब्दांसाठी. शाळेच्या आवारात मुलीला 'हूरा', म्हणजे वेश्या, म्हणणे, किंवा 'फित्ता' हा अवयववाचक शब्द कोणाच्या अंगावर फेकणे, या गोष्टी स्वीडिश शाळा आणि पालक फार गंभीरपणे घेतात आणि ते योग्यच आहे. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेवर 'फित्या' नावाचे स्थानक आहे, त्याच्या नावाचे मूळ ओलसर कुरण या अर्थाच्या शब्दात आहे आणि हा अश्लील शब्दही त्याच मुळाशी जोडला जातो. पण व्युत्पत्ती कितीही हिरवीगार असली तरी ज्या मुलीला तो शब्द ऐकावा लागतो तिला कुरण दिसत नाही. वस्तूला, हवामानाला, लाडवाला दिलेली शिवी आणि माणसाला दिलेली शिवी यांतली रेघ मुलाला आत्ताच दाखवा. स्वीडिश कायदाही तीच रेघ ओढतो: १९६५ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या पाचव्या प्रकरणात माणसाचा अपमान करणे हा दंडपात्र गुन्हा आहे, पण बस चुकल्यावर आकाशाकडे पाहून 'फान' म्हटल्याबद्दल कोणी तुम्हाला विचारणार नाही.

तुमच्यासाठीही तीच रेघ पुरेशी आहे. 'फान, काय सुरेख आहे!' ही स्वीडिशमध्ये दाद असते, आणि 'येव्लार अनाम्मा' हा तर गुण मानला जातो; ज्या खेळाडूत हार न मानण्याची जिद्द असते त्याच्याबद्दल तो शब्दप्रयोग कौतुकाने करतात. हे सर्व समजून घ्या, ऐकून हसा, पण स्वतः निदान पाच-सहा वर्षे तरी वापरू नका, आणि 'येव्ला' हा शब्द माणसाच्या, गावाच्या किंवा राष्ट्राच्या नावापुढे कधीच लावू नका. शिवी देताना सूर, वेळ आणि समोरचा माणूस या तिन्ही गोष्टी अचूक साधाव्या लागतात. परक्याचा त्यांतला एक तरी चुकतो आणि विनोद म्हणून टाकलेला शब्द दगड होऊन पडतो. तोंड भाजले किंवा संगणक बंद पडला तर 'सतरा' म्हणा. परदेशी माणसाच्या तोंडून हा जुन्या वळणाचा उद्गार ऐकला की स्वीडिश लोक विरघळतात, हे मी स्वतः अनेकदा करून पाहिले आहे.

टीमप्रमुखाला सांगायचे का? सांगा, मात्र चारचौघांत नको. तो उद्धट आहे असे मला मुळीच वाटत नाही. स्वीडनमध्ये मोठ्यांसाठीचे इंग्रजी चित्रपट आणि मालिका भाषांतरित आवाजात न दाखवता खाली स्वीडिश अक्षरे देऊन दाखवतात, त्यामुळे तेथील मुलांच्या कानांवर हे शब्द पहिल्यापासून पडतात, पण ते गाण्यांतून आणि पडद्यावरून. आईच्या रागावलेल्या आवाजातून कधीच पडत नाहीत. कर्करोग झालेल्या तरुणांची तेथील एक संस्था याच इंग्रजी शब्दाने कर्करोगाला शिवी देणारी मण्यांची कांकणे विकते आणि ती घालून लोक राजरोस वावरतात. उलट ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर रात्री ९ च्या आधी हा शब्द सहसा उच्चारता येत नाही. आपण तरी वेगळे काय करतो? पुण्यातल्या महाविद्यालयात 'शिट' हा शब्द प्राध्यापकांसमोरही निसटतो, पण त्याचा मराठी प्रतिशब्द त्याच मुलाने तेथे उच्चारला तर वर्ग थिजेल.

तेव्हा एखाद्या दिवशी कॉफी घेताना त्याला एवढेच म्हणा की तुझ्या कानाला हा शब्द जितका सौम्य लागतो तितका लंडनच्या बाईंच्या कानाला लागत नाही. त्यांना तो असा ऐकू येतो, जसा तुझ्या आजीला चर्चमध्ये 'हेल्वेते' ऐकू येईल. तुम्ही हाताखालच्या आहात म्हणून संकोच करू नका. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे वरिष्ठांनाही सर्रास 'तू' म्हणण्याची रीत पडली आहे आणि असा सल्ला देण्याला आगाऊपणा समजत नाहीत. तरीही बोलणे जड जात असेल तर तुमच्या येवल्याच्या फजितीपासून सुरुवात करा; स्वतःची फजिती आधी सांगितली की समोरच्याला आपली ऐकणे सोपे जाते. आणि त्याला हेही विचारा की कामगार संघटनेला स्वीडिशमध्ये 'फाक' म्हणतात, वेग या शब्दाला 'फार्ट' आणि शेवटाला 'स्लूत', हे इंग्रज पाहुण्यांना समजावताना त्याची कधी पंचाईत झाली आहे का. वाहनांच्या प्रवेशद्वारावर 'इनफार्ट' अशी पाटी वाचून हसू दाबणारा इंग्रज पर्यटक त्यानेही पाहिला असेलच.

राहिले येवला. गावाचे नाव टाळू नका. ज्या गावात राजा रघुजीबाबांनी विणकर आणून वसवले असे सांगतात आणि जेथील मागांवर आजही पैठणी उतरते, ते नाव एका सैतानाच्या विशेषणासाठी का टाकावे? फक्त शब्दांचा क्रम बदला. स्वीडिश 'येव्ला' नामासारख्या दुसऱ्या शब्दाच्या आधी येतो, एकटा किंवा वाक्याच्या शेवटी येत नाही. तुम्ही 'येवला पैठणी' म्हणालात तेव्हा त्या टेबलावरच्या प्रत्येकाच्या कानाने 'ही मेली पैठणी' असे ऐकले, आणि इतकी सुंदर साडी नेसून ही बाई तिला शिव्या का देते, हे कोणाला कळेना. 'पैठणी, फ्रोन येवला', म्हणजे 'येवल्याहून आलेली पैठणी', असे म्हटले की व्याकरणच तुमच्या मदतीला येते, कारण त्या जागी शिवी बसूच शकत नाही. फार तर कोणी गालातल्या गालात हसेल.

आजीच्या प्रश्नाला मुलाने दिलेले उत्तर राहून गेले. 'म्हणजे खूप छान' हे वेळ मारून नेणे नव्हे. भाषांतर म्हणून ते शब्दशः अचूक आहे आणि त्यात तुम्ही काहीही दुरुस्ती करू नये, अशी माझी विनंती आहे.